सावरीचा पत्ता

प्रभाबाय गेल्याला महिनाही झाला नव्हता, तेव्हा आमच्या कॉम्प्लेक्सच्या चेअरमनसाहेबांचा फोन आला. मागच्या गेटजवळच्या मोकळ्या तुकड्यात बाग करायची ठरली आहे, तिला बाईंचं नाव द्यायचं आहे. "मधोमध सावर लावू. त्यांची आवडती ना ती? स्मरणिकेत तुम्ही चार शब्द लिहा. तुम्ही त्यांच्या जवळचे. आणि हो, त्या जुन्या झाडाचं लोकेशन असेल ना अजून तुमच्याकडे? बुंध्याला काही फुटलं असेल तर तिथलीच फांदी आणू. काय भारी वाटेल!"

मी "बघतो" म्हणालो. माझ्या हातून जे जे वाईट झालं आहे, त्यातलं बरंचसं या एका शब्दाने सुरू झालं आहे.

तर हे ते चार शब्द. स्मरणिकेत हे छापणार नाहीत, न छापोत. आधीच सांगून टाकतो: ती सावर ज्यांनी तोडली, त्यांना वाट मी दाखवली. लिहायला बसलो तेव्हा ही गोष्ट शेवटाकडे कुठेतरी, हळूच, एखाद्या वाक्याच्या आडोशाने सांगावी असं मनात होतं. पण तसं केलं असतं तर तेही माझ्या नेहमीच्या वागण्यासारखंच झालं असतं. म्हणून पहिल्यांदा ते.

आता प्रभाबाय.

बोईसरला नाक्याच्या आतल्या गल्लीत तिची खाणावळ होती. पाटी नव्हती. माहेर-सासर दोन्ही चिंचणीचं, वाडीतली माणसं. नवरा लवकर गेला, दिरांशी पटलं नाही, म्हणून ही बोईसरला येऊन कारखान्यातल्या माणसांना जेवायला घालू लागली. मी खानदेशातून नोकरीला आलो तेव्हा पहिली काही वर्षं तिच्याकडेच जेवत होतो. पहिल्या दिवशी मी विचारलं, "भाजी कसली आहे?" तर म्हणाली, "वांग्याची. नको तर उपाशी ऱ्हा. तुज्या आयशीला फोन लावून सांगते, पोरगा वांगी खात नाय." मी वांगी खाल्ली. आजही खातो.

सगळ्यांशी ती असंच बोलायची. उत्तरेकडची पोरं तिला अम्मा म्हणत आणि शिव्या खात. चपाती करपली तर तिचा दोष नसे, "तुमी गप्पा मारता, माजं लक्ष जातं," असा सगळ्या पंगतीचा दोष असे. कुणी ताटात टाकलं की त्या दिवशी त्याला पुढचं वाढत नसे. संध्याकाळी मात्र तोच आधी वाढून घेऊन बसलेला दिसे. तिच्या रागाला धरबंध नव्हता, पण तो राग शिळा झालेला मी फारसा पाहिला नाही. एकदाच पाहिला. ते पुढे येईलच.

तिची फेरीसुद्धा रागातूनच सुरू झाली. एका फाल्गुनात मुन्ना नावाच्या टमटम चालवणाऱ्या पोराने जेवताना सहज विचारलं, "अम्मा, इधर फूल-वूल कुछ होता नहीं क्या? हमारे उधर तो अभी पूरा जंगल लाल होगा." त्याने आल्यापासून कारखान्यांच्या चिमण्या, पाइप आणि नाल्यातलं रंगीत पाणी एवढंच पाहिलं होतं, त्याचं तरी काय चुकलं? पण प्रभाबायला ते असं लागलं की कुणी तिच्या माहेराला नावं ठेवली. "फूल होत नाय? आमच्याकडं फूल होत नाय?" हातातला डाव तिने पातेल्यात आपटला. त्या रविवारी खाणावळ बंद. आठ-दहा पोरांना घेऊन, मुन्नाच्याच टमटममध्ये कोंबून, ती वाणगावच्या पलीकडे डोंगराच्या कडेला गेली आणि दुपारी उन्हात करपून परत आली. मुन्ना गल्लीत सगळ्यांना सांगत सुटला, "अम्मा ने आज हमको बहुत डाँटा और बहुत दिखाया."

मग दर वर्षी थंडी सरली की होळीपर्यंतचे रविवार फेरीचे झाले. पुढे पुढे कॉलनीतली, कॉम्प्लेक्समधली माणसं यायला लागली, क्वचित मुंबईहूनही कुणी. तिने कधी कुणाला बोलावलं नाही. आलात तर या.

आता कुणाला वाटेल, बाईंना झाडापानांची फार माहिती असेल. नव्हती. पळस, पांगारा, सावर, कुडा, मोह अशी ठळक नावं सोडली तर ती बिनदिक्कत चुकीचं सांगायची. लहान पक्षी दिसला की "चिमनीसारका" आणि मोठा दिसला की "घारीसारका". एकदा दुर्बिणीवाल्या एक मॅडम आल्या होत्या. प्रभाबाय म्हणाली, "त्या बघा मैना." मॅडम हळूच म्हणाल्या, "ताई, त्या भोरड्या आहेत." प्रभाबायने त्यांच्याकडे बघितलं. "बरं. भोरड्या. आता गप बसा, भोरड्यांना ऐकू येतंय."

तिला काय येत होतं, तर बसता येत होतं. आणि दुसऱ्याला बसवता येत होतं. डोंगराच्या उतारावर, एका वारली कुटुंबाच्या खाचराच्या बांधावर ती सावर होती. सरळसोट खोड, वर पान एक नाही, नुसती लाल जाड फुलं. प्रभाबाय सगळ्यांना उजाडायच्या आत तिथे न्यायची, झाडापासून लांब बांधाच्या आडोशाला ओळीने बसवायची आणि बोट ओठावर. पक्षी येऊन फुलांत चोची घालत, फुलं पटापट खाली पडत. आणि मग, सगळ्यांचा धीर संपत आला असताना, समोरच्या झुडपातून भेकर यायचं. खाली पडलेली फुलं खायला. एकेक फूल उचलायचं, मान वर करून चावायचं, कान इकडे-तिकडे. पहिल्या वर्षी एका पोराने आनंदाने "वो देखो" म्हटलं आणि क्षणात तिथे काही नव्हतं. प्रभाबायने त्याला मारायचं बाकी ठेवलं. "तो आपनहून बाहेर येतो. तू त्याला बोलवायला जाऊ नको. तू नुसता बस. त्याला वाटलं तर येईल, नाय वाटलं तर नाय येनार. तुजा काय हक्क हाय?"

हे ती प्रत्येक फेरीत नव्या माणसांना सांगायची. मी ते इतक्यांदा ऐकलं की मला वाटायचं, मला ते कळलं आहे.

आणखी एक तिचा नियम होता, त्यावर लोक हसायचे. झाडाचा पत्ता कुणाला द्यायचा नाही. मुन्नाला ती दर वेळी वेगळा रस्ता घ्यायला लावायची, उगीच एखाद्या पाड्याला वळसा, मग शेताडीतून पायी. कुणी म्हणे, "मॅडम, मॅपवर तर सरळ रोड दिसतोय." त्यावर ती, "मग मॅपसंगं जा." आणि फोन? फोन सगळे टमटममधून उतरतानाच काढून घेतले जायचे. सुकट आणायची एक जुनी कापडी पिशवी होती तिची, कितीही धुतली तरी वास जात नसे. त्यात सगळ्यांचे महागडे फोन. परत जाताना लोक फोन नाकापासून लांब धरून बोलायचे.

ती पिशवी माझ्याकडे असायची. मी जुना. मी न बोलणारा. "याच्याकडं द्या," म्हणायची, "याचं तोंडच नाय, हा काय करनार."

झाड ज्यांच्या बांधावर, त्या घरच्या बाईचं नाव सोमी. भात झोडून झालं की ती माणसं वीटभट्टीवर कामाला जायची, ती पावसाच्या तोंडावर परतायची. म्हणजे सावर फुलायची तेव्हा घर बंद. बंद म्हणजे कुलूप नाही, कडीला सुतळीची गाठ. प्रभाबाय दिवाळीत सुकट-बोंबील घेऊन सोमीकडे जायची, दोघी ओट्यावर बसून तंबाखूची मशेरी लावायच्या आणि फेरीची परवानगी तेव्हाच घेतली जायची. फेरीत कुणी त्या ओट्यावर टेकला तर प्रभाबाय उठवायची. "घरात मानूस नाय म्हंजे घर कोनाचं नाय असं नसतं. सोमीला विचारून आलोय आपन. बांधावर बसायचं विचारलंय, ओट्यावर नाय."

हे सगळं मला ठाऊक होतं. हे पुन्हा लिहितो, कारण पुढे जे झालं ते अजाणता झालं असं कुणी मला समजावू नये.

आमच्या कॉम्प्लेक्सची होळी एरवी वखारीतल्या लाकडांची आणि गोवऱ्यांची असायची. त्या वर्षी शेजारच्या कॉम्प्लेक्सने म्हणे डीजे आणि मोठी होळी ठरवली. चेअरमनसाहेबांनी मीटिंग घेतली. "आपली त्यांच्याहून उंच पाहिजे. आणि पारंपरिक पाहिजे. गावात कशी अख्खी सावर उभी करतात, तशी. फुलांसकट." सगळे वा वा म्हणाले. मग प्रश्न आला, सावर आणायची कुठून? सांस्कृतिक सचिव म्हणून मी तिथे बसलो होतो. त्या पदावर मला बसवलं होतं ते मी कुणाला नाही म्हणत नाही म्हणून. मीटिंगमध्ये माझ्याकडे कधी कुणी वळून बघत नसे. त्या दिवशी मला काहीतरी माहीत होतं, जे त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं.

"एक आहे," मी म्हणालो. "सरळ. अगदी खांबासारखी."

सगळी डोकी माझ्याकडे वळली. ते मला आवडलं. हे लिहिताना लाज वाटते, पण आवडलं.

"मालक कोण?" साहेबांनी विचारलं. "कटकट नको नंतर."

"या दिवसांत तिकडे कोणी नसतं."

हेच ते वाक्य. यात खोटं काही नाही. लोकेशन माझ्या फोनमध्ये होतं; आदल्या वर्षी पिशवी सांभाळताना, नुसतं असावं म्हणून, मी ते साठवून ठेवलं होतं. साहेबांनी पाठवायला सांगितलं. मी "बघतो" म्हणालो आणि घरी जाऊन पाठवलं. मनात म्हटलं, दुसरी एखादी सापडेल त्यांना. दुसरी कशाला शोधतील ते?

होळीच्या दिवशी संध्याकाळी ट्रकमधून सावर आली. मधल्या चौकात खड्डा खणून क्रेनने उभी केली. फांद्यांवर अजून फुलं होती. पोरं खाली पडलेली फुलं एकमेकांना मारत होती. आणि मिसेस चेअरमनना वाटलं की पूजेला कुणीतरी इथलं, जुनं माणूस हवं, म्हणून त्यांनी प्रभाबायला बोलावणं पाठवलं होतं. मला ते ऐन वेळी कळलं. कळल्यावर मी काय केलं? नारळाचं ताट घेऊन उभा राहिलो.

ती नवं लुगडं नेसून आली होती. गेटातून आत येताना कुणाला तरी म्हणत होती, "एवडी मोठी इमारत, आन पानी प्यायला बाटली?" मग तिने वर बघितलं. मग खाली. खोडाच्या एका अंगाचे काटे झिजून गेले होते. सोमीची म्हैस तिथे अंग घासायची. प्रभाबायने त्या गुळगुळीत जागेवर हात ठेवला.

मला वाटलं, आता ही सगळ्यांची सालटी काढणार. तेवढं झालं असतं तरी बरं होतं. पण ती ओरडली नाही. "ही कोनी दाखवली?" एवढंच तिने विचारलं.

चेअरमनसाहेब हसत पुढे झाले. त्यांना काही लपवायचंही नव्हतं, त्यांच्या लेखी यात लपवण्यासारखं काही नव्हतंच. मी पाठवलेल्या लोकेशनची मला लाज आहे हे मात्र त्यांना माझ्या तोंडावरून कळलं असावं, म्हणून मला सांभाळून घेतल्यासारखं ते म्हणाले, "अहो, तुमच्या त्या टमटमवाल्याला सगळे रस्ते पाठ. असल्या लोकांकडूनच कळतं सगळं."

तिने माझ्याकडे बघितलं. जुना माणूस म्हणून, साक्षीला. मी नारळ ताटात नीट सरळ करून ठेवला.

पूजा न करताच ती गेली. आणि होळी? सावर म्हणजे पाण्याने भरलेलं झाड. ओली, हिरवी. पेटेचना. नुसता धूर. पोरं खोकायला लागली. मग सोसायटीच्या सेक्रेटरीने ड्रायव्हरला पाठवून डिझेल आणवलं. डिझेल जळलं, गोवऱ्या जळल्या, साल करपली. सकाळी अर्धं काळं खोड तसंच उभं होतं. धुळवडीनंतर जेसीबीने ते ओढून मागच्या गेटजवळ टाकलं आणि भंगारवाल्यानेही नेलं नाही. तिथे पावसाळ्यात ते कुजलं. आता तिथेच बाग होणार आहे. तिथेच. चेअरमनसाहेब, तुमच्या लक्षात नसेल. तुमच्या लक्षात कशाला राहील?

दुसऱ्या दिवशी मुन्ना जेवायला आला तेव्हा मी तिथेच होतो. प्रभाबायने त्याचं ताट उचलून आत नेलं. "तुजं ताट बंद."

"क्या हुआ, अम्मा?"

"सावरीला इचार."

"कौन सी सावर? अम्मा, कसम से, हम नहीं थे. हम किसी को नहीं ले गए."

तिने ऐकलं नाही. सांगितलं ना, तिचा शिळा होणारा राग एकदाच पाहिला, तो हा. मुन्नाने माझ्याकडे बघितलं. "साहब, आप बोलो ना." मी म्हणालो, "बाई चिडलेल्या आहेत, नंतर बोलू." तो काही दिवस गल्लीच्या तोंडाशी टमटम उभी करून थांबायचा. मग कुणीतरी सांगितलं, वापीला गेला.

पावसाच्या तोंडावर सोमी भट्टीवरून परत आली. प्रभाबाय स्वतः तिला सांगायला गेली आणि सामानाची पिशवी उचलायला मला घेऊन गेली. मलाच. सोमी बांधावर बुंध्याजवळ उभी होती, डोक्यावरचं बोचकं अजून उतरवलेलं नव्हतं. प्रभाबाय म्हणाली, "सोमी, माज्या मानसांतल्याच कोनी तरी दाखवली."

सोमीने बोचकं खाली उतरवलं. मग म्हणाली, "आमी इतके वर्स जातू भट्टीला. घराला सुतळी बांदून जातू. काय गेला नाय कदी. तू मानसा आनलीस तवा गेला."

"हो," प्रभाबाय म्हणाली. "मीच आनली."

"आता नको आनू."

"नाय आननार."

मी तिथे होतो. दोघींच्या मध्ये, हातात सुकटीची पिशवी. तोंड उघडायला याहून सोयीची जागा माणसाला मिळत नाही. मी पिशवी ओट्यावर ठेवली. सोमीने ती उचलून परत माझ्या हातात दिली.

त्यानंतर फेरी झाली नाही. पुढच्या वर्षी थंडी सरली तशी माणसं विचारायला आली, नवी पोरं आली, त्या दुर्बिणीवाल्या मॅडमही आल्या. ती म्हणे, "फेरी नाय. जेवायचं तर बसा." एरवी ती असं म्हणताना दोन शिव्या द्यायची. आता देत नव्हती. तिला न भांडताना बघणं मला सहन होत नव्हतं, म्हणून मी जेवायला जायचं कमी केलं. कारण सांगायला पथ्य होतंच.

मला राग कशाचा येतो, तर सगळ्यांचा. झाडाला काठी समजणाऱ्यांचा, डिझेल ओतणाऱ्यांचा, फोटो काढून "परंपरा जपू या" लिहिणाऱ्यांचा. पण ते निदान जे होते ते दिसत होते. मी मात्र इतकी वर्षं उजाडायच्या आत त्या बांधावर बसून भेकराकडे बघत होतो. मुन्नाचा नंबर मी शोधला, तोही प्रभाबाय गेल्यावर. सगळं सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अम्मा के रहते बोलना था ना, साहब. अब हमको बोल के आपका पेट साफ हुआ, और क्या हुआ?" आणि फोन ठेवला. बरोबर केलं.

तिला शेवटचं भेटलो त्या रविवारी मी एकटाच डोंगराकडे गेलो होतो. का, ते सांगता येत नाही. सावरीच्या बुंध्याला फुटवे आले होते. चांगले हातभर, काटेही आलेले, कोवळे, बोटाने दाबले तर दबणारे. मला इतकं बरं वाटलं की मी परतलो तो थेट खाणावळीत. दुपार सरली होती. ती खाली बसून विळीवर भोपळा चिरत होती, मागे शेगडीवर भात.

"प्रभाबाय," मी म्हणालो, "सावर फुटलीय. खालून."

भोपळ्याची फोड विळीच्या पात्याशी थांबली. तिने मान वर केली नाही.

"कोनाला सांगितलंस?"

"कोणाला नाही."

आता तिने वर बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. त्या बघण्यात काय होतं ते मला ओळखता आलं, कारण बांधाच्या आडोशाला तिच्या शेजारी बसून मी ते कितीदा पाहिलं होतं. हात मांडीवर, खांदे सैल, श्वास हळू. झुडपाकडे बघताना ती अशीच बसायची. बोलवायचं नाही. नुसतं बसायचं. तो आपणहून बाहेर येतो.

ती थांबली होती. खूप वेळ थांबली होती. बाहेर गल्लीत कुणाची तरी टमटम आली आणि गेली, तरी ती हलली नाही.

"भात लागतोय वाटतं," मी म्हणालो. "गॅस बारीक करू?"

ती आणखी थोडं थांबली. मग विळी पुढे ओढली, फोड पात्यावर धरली आणि खाली बघितलं.

"कर," म्हणाली.